मोबाईल त्यांच्या हातातच राहू द्या

मागच्या नोव्हेंबरात आमच्या गल्लीतल्या मावशी सलग तीन दिवस एका सेवा केंद्राच्या पायरीवर बसून होत्या. सकाळी धुणीभांड्याची दोन घरं उरकायची, भाकरी बांधून घ्यायची आन् जाऊन नंबर लावायचा. काम एवढंच, एका योजनेचे महिन्याचे पैसे खात्यात येतात त्याचं केवायसी करायचं होतं. केंद्रातला पोरगा आधार नंबर टाकायचा, ओटीपी सुटायचा, आणि तो ओटीपी वाजायचा पुण्याकडं. कारण आधारला नंबर लेकाचा जोडलेला, लेक चाकणला कंपनीत, कंपनीत लाईनवर मोबाईल न्यायला बंदी, मोबाईल लॉकरात. आणि ओटीपी 10 मिनिटांत बाद होतो. लेकाची जेवणाची सुट्टी झाली की इकडं साईट चालत नसायची नाहीतर लाईट गेलेली, आणि साईट सुरू झाली की लेक परत मशीनवर.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्त्यात भेटल्या तर म्हणल्या, "माझंच आधार, माझाच अंगठा, माझंच खातं, आन् परवानगी लेकाच्या कंपनीची लागायली बघ माय."

ते वाक्य घेऊनच मी घरी आले आणि रात्री झोपच लागेना. कारण मी परभणीत गेली बरीच वर्षं कॉम्प्युटरच शिकवते. एमएस-सीआयटी 2001 मध्ये सुरू झालं, माझ्या हाताखालून किती बॅच गेल्या मोजलं नाही, कॉलेजची पोरं, नोकरीत सर्टिफिकेट लागतं म्हणून आलेले गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, सगळे. पण मावशीसारखी एकही बाई कधी माझ्या क्लासची पायरी चढली नाही, आणि मीही कधी खाली उतरून तिला विचारलं नाही की तुला काय अडतंय. ज्याला कॉम्प्युटर येत होतं त्याला अजून चांगलं येऊ लागलं आणि ज्याचं खरं काम अडतंय तो पायरीवरच बसला, हे मला तेव्हा पहिल्यांदा असं समोर दिसलं.

आता घरचं सांगते. माझ्या आईला 2019 मध्ये स्मार्टफोन घेऊन दिला. तेव्हापासून तिचं काही अडलं की ती मोबाईल पुढं करायची, मी घ्यायचे, टक टक करून परत द्यायचे. "झालं बघ." हे मी शेकडो वेळा केलं असेल. मागच्या वर्षी जालन्याला मामाच्या नातीचं लग्न होतं, मला जमलं नाही म्हणून आई एकटीच गेली, मंगल कार्यालयाचं लोकेशन व्हॉट्सॲपवर आलेलं, आणि ते कसं उघडायचं तेच तिला माहीत नव्हतं. दोन तास रिक्षात फिरली उन्हात. अक्षता पडून गेल्या होत्या ती पोचली तेव्हा. घरी आल्यावर रागावली नाही, फक्त म्हणाली, "तू दरवेळी हातातून घेतीस, तुझी बोटं कुठं जातेत तेच मला दिसत नाही, मग मी शिकू कसं?"

बरोबरच आहे ना. आपण सगळे हेच करतो. लेक करतो, सून करते, नातू करतो, बँकेतला शिपाई करतो, दुकानदार करतो. मदतच करतो, पण मोबाईल हातातून काढून घेऊन करतो आणि त्या माणसाला पुढच्या वेळेला परत आपल्याच दारात उभं करतो. मला कोणी विचारलं की शहर डिजिटल करायला काय लागतं तर मी आधी हे सांगेन, त्यांचा मोबाईल त्यांच्या हातातच राहू द्या. बाकी टॉवर, फायबर, वायफायचे खांब, ते सगळं लागतंच, त्याला माझं ना नाही, पण ते आल्यावरही मावशी पायरीवरच बसणार असतील तर ते कुणासाठी आलं.

तर डिसेंबरपासून आम्ही तिघीजणी, मी आणि माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी, दर रविवारी दुपारी चार ते सहा वॉर्डातल्या समाजमंदिरात बसतो. फी नाही, सर्टिफिकेट नाही, हजेरी नाही. पहिल्या रविवारी चार बाया आल्या, त्यातली एक नातवाला झोपवायला पंख्याखाली जागा मिळते म्हणून आली होती. आता पंचवीस-तीस माणसं असतात. पुरुषही येतात, पण बायका जास्त, आणि याला कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशात 57 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलं होतं आणि बायकांमध्ये हा आकडा होता फक्त 33 टक्के. घरात मोबाईल एक असला तर तो कुणाच्या खिशात असतो हे आपल्याला सांगायला सर्व्हे लागत नाही.

शिकवताना आमचा एकच नियम, शिकवणारीने हात लावायचा नाही. सवय इतकी घट्ट आहे की मी दोन्ही हातांनी वही धरून बसते, म्हणजे हात आपोआप पुढं जात नाही.

आणि हात लावला नाही की बऱ्याच गोष्टी दिसायला लागतात ज्या मला इतक्या वर्षांत क्लासमध्ये दिसल्या नव्हत्या. पहिली गोष्ट बोट. आमच्याकडं येणाऱ्या बायांची बोटं भांडी घासून, निंदणी-खुरपणी करून, विटा उचलून टणक झालेली. स्क्रीनला ते बोट लवकर कळतच नाही, मग त्या जोरात दाबतात, जोरात दाबलं की जास्त वेळ दाबलं जातं, आणि जास्त वेळ दाबलं की भलतंच काहीतरी उघडतं, ॲप हलायला लागतं, डिलीट करू का विचारतं, आणि बाई घाबरून मोबाईल खाली ठेवते. "मला जमत नाही" यातलं निम्मं हे आहे. मी आता सांगते, दाबू नका, तापलेल्या तव्याला बोट लावून बघतो ना तसं लावा, लावलं की उचला. लगेच जमतं. एका काकूंनी त्या दिवशी स्वतःचं स्वतः लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि लेक पलीकडून विचारते, "कुणी लावून दिला?"

दुसरी गोष्ट अक्षरं. मोबाईल इंग्रजीत ठेवलेला असतो कारण दुकानदाराने तसा चालू करून दिला. सेटिंगमध्ये भाषा मराठी करता येते हे सांगितल्यावर माणसं माझ्याकडं बघतच राहतात. पण तिथंही एक अडचण आहे, काही मराठी शब्द असे आहेत की इंग्रजी बरं वाटावं. 'सत्यापित करा', 'अद्यतन', 'प्रमाणीकरण'. आमच्या मावशी चौथी शिकलेल्या आहेत, त्यांना 'अपडेट' कळतं, 'अद्यतन' नाही कळत. जे लोक हे फॉर्म बनवतात त्यांनी एकदा तरी समाजमंदिरात येऊन बसावं, अगदी मनापासून बोलावते. आणि ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी कीबोर्डवरचा माईक, मराठीत बोललं की मराठीत उमटतं. आमच्याकडं एक चाचा येतात, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, त्यांचं शिक्षण उर्दूत, मराठी बोलतात अस्सल परभणीचं पण वाचायला जड जातं. त्यांच्या मोबाईलला उर्दू कीबोर्ड टाकून दिला (टाकला त्यांनीच, मी नुसती सांगत होते) तर त्यांनी पहिला मेसेज हैदराबादच्या बहिणीला केला. इथं मराठवाड्यात अशी कितीतरी घरं आहेत, भाषेचा प्रश्न आला की आपण मराठी का इंग्रजी एवढंच बोलतो आणि ही माणसं विसरतो.

ह्याच चाचांची पेन्शन हयातीच्या दाखल्यासाठी अडली होती. जीवन प्रमाण 2014 पासून आहे, अंगठा लावून डिजिटल दाखला निघतो, पण पस्तीस वर्षं स्टेअरिंग धरलेल्या हाताचे ठसेच उमटत नव्हते. चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय 2021 मध्ये आलेली आहे, घरबसल्या, मोबाईलच्या कॅमेऱ्याने, पण ते त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही दोन ॲप टाकली, खिडकीजवळ उजेडात बसवलं, मोबाईल त्यांच्याच हातात, आणि चौथ्या वेळेला झालं. तीन वेळा का नाही झालं, तर डोळे मिचकवा म्हणून सांगतंय ते वाचायला चाचा चष्मा लावायचे आणि चष्म्यामुळं डोळे नीट दिसत नसतील. मग मी मोठ्याने वाचून सांगितलं, त्यांनी चष्मा काढून मिचकवले, झालं.

डोळे मिचकवण्यावरून आठवलं, हे साधं नाहीये. ॲसिड हल्ला झालेल्या आणि दृष्टी नसलेल्या लोकांनी याच कारणासाठी सुप्रीम कोर्टात दाद मागितली होती, की केवायसीला डोळे मिचकवा म्हणता, आम्ही कसे मिचकवणार. 30 एप्रिल 2025 ला निकाल आला आणि कोर्टाने सांगितलं की डिजिटल सोयींपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसी सगळ्यांना करता येईल असं करा म्हणून 20 निर्देश दिले. मी हा निकाल रविवारी सगळ्यांना समजेल असा सांगितला. मावशी म्हणल्या, "म्हणजे मला येत नाही ही माझीच चूक नाही तर." नाहीच. हे तर मला सगळ्या गावाला ओरडून सांगावंसं वाटतं.

आता नंबरचं, कारण आमच्याकडं येणाऱ्या दहातल्या सात लोकांचं दुखणं शेवटी नंबरवरच येतं. आपल्याकडं गंगाखेड, सोनपेठ, पालमकडची किती घरं ऊसतोडीला जातात, शहराच्या कडेच्या वस्त्यांतूनही जातात. दिवाळी झाली की गेले, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. तिकडं एकाच मोबाईलला रिचार्ज करतात, बायकोचं सिम तसंच पडून. सलग 90 दिवस सिम वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते आणि नंतर तोच नंबर दुसऱ्याला जातो. म्हणजे बाई परत येते तेव्हा तिच्या आधारचा, बँकेचा ओटीपी कुणातरी अनोळखी माणसाच्या मोबाईलवर वाजत असतो. यावर काय करायचं ते आम्ही वहीत लिहून देतो. प्रीपेड सिममध्ये 20 रुपये शिल्लक असले तर ते कापून आणखी 30 दिवस नंबर चालू ठेवायची सोय आहे. नुसता कॉल आणि एसएमएसचा, बिना इंटरनेटचा रिचार्जही मिळतो, ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियमन ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना तसा प्लॅन ठेवायलाच लावला, पण दुकानात तो मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही, म्हणून नाव घेऊन मागा. आणि आधारला स्वतःचा नंबर जोडायला कुठलाही कागद लागत नाही, स्वतः जायचं, बोटं लावायची, ठरलेली फी भरायची. मावशीचं आम्ही तेच केलं. स्वतःचं सिम घेतलं, बटणाच्या साध्या मोबाईलमध्ये टाकलं, आधारला जोडलं, मग बँकेत. केवायसी पुढच्या रविवारी झालं, ओटीपी त्यांच्याच कमरेच्या पिशवीत वाजला.

साध्या मोबाईलवरून आठवलं, स्मार्टफोन नाही म्हणजे काहीच करता येत नाही असं नाही. *99# लावलं की इंटरनेटशिवाय खात्यातली शिल्लक कळते, 5,000 रुपयांपर्यंत पैसेही पाठवता येतात, मराठीतही येतं. पण बँकेत नंबर तोच जोडलेला पाहिजे, म्हणजे फिरून परत नंबरच.

भीतीबद्दल वेगळं लिहायला पाहिजे खरं तर. यूपीआय 2016 मध्ये आलं, ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2,000 कोटींच्या वर व्यवहार झाले, शनिवार बाजारात मेथीची जुडी घेतली तरी स्पीकर बोलतो. पण भाजी विकणाऱ्या काकूंना स्पीकर बोलला एवढंच कळतं, पैसे गेले कुठं ते कळत नाही कारण क्यूआर पुतण्याच्या खात्याचा. कमाई तिची आणि हिशोब पुतण्याकडं. पुतण्या चांगला आहे, प्रश्न तो नाही, प्रश्न हा आहे की काकूंना आज गल्ल्यात किती जमले हे कुणाला तरी विचारावं लागतं. स्वतःच्या खात्याचा क्यूआर का नाही, तर "कुणी पैसे काढून घेतले तर?" ही भीती खोटी नाही. त्यांच्या भावजयीला लग्नपत्रिका म्हणून एक फाईल आली, उघडली आणि खातं रिकामं झालं. म्हणून आमचा अख्खा एक रविवार यावरच असतो. पत्रिका असो नाहीतर चलन, फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके (apk) लिहिलेलं असलं तर ते पत्रिका नाही, मोबाईलमध्ये घुसणारं ॲप असतं, त्याला हात लावायचा नाही. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन पैसे जायला लागतो, हे मी सगळ्यांकडून तीनदा म्हणून घेते. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, तसला कायदाच नाही. आणि झालंच काही तर रडत बसायचं नाही, घरच्यांना काय वाटेल म्हणून लपवायचं नाही, त्याच मिनिटाला 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावायचा, कारण पैसे एका खात्यातून पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तरच हाती लागतात. भावजयीने चार दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. नवरा मारेल म्हणून. म्हणून सांगते, घरच्या पुरुषांनीही या रविवारी येऊन बसावं.

आता शहराचं म्हणजे आपल्या सगळ्यांचं. मला एक गोष्ट फार उशिरा लक्षात आली. केंद्र सरकारचं पीएमजीदिशा म्हणून डिजिटल साक्षरतेचं मोठं काम झालं, 2017 मध्ये सुरू, मार्च 2024 ला संपलं, 20 तासांचं शिक्षण, 6 कोटींच्या वर लोकांना दिलं. चांगलंच होतं ते. पण ते फक्त ग्रामीण भागासाठी होतं, घरटी एक माणूस, वय 14 ते 60. म्हणजे परभणी शहरातल्या झोपडपट्टीतली बाई त्यात बसत नव्हती, आणि साठीच्या पुढचे चाचा तर कुठंच बसत नव्हते. खेड्यातून पोट भरायला शहरात आली म्हणून ती बाई यादीतून सुटली. शहरात राहते म्हणजे तिला येतंच असेल, असं आपण धरून चाललो.

दुसरीकडं केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातली पुल्लमपारा नावाची ग्रामपंचायत, तिथं स्वयंसेवक घरोघर गेले, रोजगार हमीच्या कामावर, ओट्यावर, जिथं माणसं बसतात तिथं जाऊन शिकवलं, 2022 मध्ये पूर्ण डिजिटल साक्षर झाली. मग राज्याने तेच उचललं आणि ऑगस्ट 2025 मध्ये अख्ख्या केरळाची घोषणा झाली. मला यातलं आवडलं ते हे, की माणसांना केंद्रावर बोलावलं नाही, माणसं होती तिथं गेले.

आपल्याला का नाही जमणार. परभणी शहर 2011 च्या जनगणनेतच 3 लाखांच्या वर, इथं कृषी विद्यापीठ आहे, कॉलेजं आहेत, एनएसएसची पोरं दरवर्षी शिबिराला जातात. त्यातल्या पोरांनी वर्षातले दहा रविवार आपल्याच वॉर्डात दिले तर? महापालिकेकडं मी अर्ज दिलाय, चार गोष्टी मागितल्यात आणि चारही खर्चाच्या म्हणाव्यात अशा नाहीत. प्रत्येक वॉर्डातलं समाजमंदिर रविवारी उघडं आणि लाईट चालू. वाचनालयात एक टेबल, त्यावर एक प्रिंटर आणि एक माणूस, जो करून देणार नाही, करायला शिकवेल. कुठल्या अर्जाला कुठले कागद लागतात त्याची यादी मोठ्या मराठी अक्षरात भिंतीवर. आणि पीएम-वाणी.

हे शेवटचं जरा समजून सांगते कारण फार कमी लोकांना माहीत आहे. डिसेंबर 2020 पासून ही सोय आहे, कुणीही चहावाला, किराणावाला आपल्या दुकानात वायफाय ठेवून पाच-दहा रुपयांत लोकांना वापरायला देऊ शकतो, त्याला लायसन्स लागत नाही. आपल्या लहानपणी पिवळ्या बोर्डाचे एसटीडी-पीसीओ होते ना, किती अपंग माणसांची, विधवा बायकांची घरं त्यावर चालली, तसंच हे. बसस्टँडवर, सरकारी दवाखान्याबाहेर, जिंतूर रोडला, जिथं खेड्यातली माणसं तासन् तास थांबायलेत तिथं हे बूथ महिला बचत गटांना दिले तर इंटरनेटही मिळेल आणि शेजारी बसून सांगणारी बाईही मिळेल. मला तर त्या बाईचीच किंमत जास्त वाटते.

अर्जावर अजून काही उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे, यावेळी मावशी आणि चाचा दोघंही सोबत येतो म्हणालेत, सह्या मावशी स्वतः गोळा करायल्यात, 140 झाल्यात कालपर्यंत.

तोवर रविवार चालूच आहे. उन्हाळ्यामुळं आता चार ऐवजी पाच वाजता बसतो. येताना चष्मा आणा, बँकेचं पासबुक आणा पण पिन कुणाला सांगू नका, अगदी मलाही नाही. मोबाईल घरूनच चार्ज करून आणा, हॉलमध्ये प्लग एकच चालतो आणि त्याला पंखा लावलेला असतो. आणि आईला किंवा सासूला आणून सोडणार असाल तर सोडून निघून जा, शेजारी उभं राहून "अगं असं नाही, तसं" करू नका.